धाव आणि बलुते

शेळगावच्या शिवारात, बारामती-इंदापूर रस्त्यापासून थोडे आत, आमची जी वस्ती आहे तिच्या पडवीच्या भिंतीला बैलगाडीचे एक जुने चाक कित्येक वर्षे टेकून उभे आहे. त्याचे दोन आरे निखळले असले आणि तुंब्याला चीर गेली असली, तरी वरची लोखंडी धाव अद्याप शाबूत आहे. गेल्या वर्षी त्या चाकापासून दोन हातांच्या अंतरावर विजेवर चालणारी एक मोठी कौटुंबिक मोटार येऊन उभी राहिली. तिच्या हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘एमएच ४२’ असा बारामतीचा क्रमांक होता. चाकांखाली लिंबे ठेवून झाली, काकूंनी ओवाळले, पेढे वाटून झाले, आणि मग सगळी मंडळी तिच्या काचेच्या छताकडे व आतल्या रुंद पडद्याकडे कौतुकाने पाहत असता, थोरल्या काकूंनी आरतीचे ताट खाली ठेवत पुतण्याला विचारले, ‘‘हिचं काय बिघाडलं तर बघायचं कुणी?’’

पुतण्याने हमीपत्राची वर्षे सांगितली, कंपनीचा दूरध्वनी क्रमांक सांगितला. काकूंनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘आरं, हमी कळली. माणूस कोण?’’

त्या प्रश्नाने माझे लक्ष त्या दिवशी नव्या गाडीवरून उडून भिंतीशी टेकलेल्या चाकाकडे गेले. आमच्या या भागात वाहन घेणाऱ्याने हा प्रश्न विचारला नाही असा काळ झालेला नाही. काळाकाळाने बदलत गेले ते त्याचे उत्तर, आणि त्या उत्तराचा इतिहास मोटारींच्या इतिहासाहून अधिक जुना व माझ्या मते अधिक मोलाचा आहे.

इंदापूर परगणा हा भोसल्यांच्या जहागिरीतला मुलूख. पलीकडची भीमथडी तट्टांसाठी नावाजलेली. ज्या काळी माणूस तट्टावर बसून आणि माल बैलांच्या पाठीवरून जात असे, त्या काळी वाहन म्हणजे जनावरच होते, आणि त्याची देखभाल ज्याची त्याने घरच्या दावणीला करावी असा शिरस्ता होता. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ पाठीवर लादून घाट उतरत व चढत. चाकावर चालणारे वाहन होते, परंतु ते विरळ आणि अवजड होते. घडीव दगडाची किंवा जड लाकडाची भरीव चाके, आणि चाकाबरोबर फिरणारा आख, असा तो गाडा. एकदा काळ्या मातीत रुतला की तो ओढून काढायला दावणीतले सगळे बैल कमी पडावेत. अशा गाड्याने बाजाराला रोज कोण जाणार?

हा गाडा बदलला तो महसुलाच्या निमित्ताने, आणि बदलला तो आमच्याच पंचक्रोशीत, ही गोष्ट येथील फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. इंग्रज अधिकारी प्रिंगल यांनी १८३० साली बसविलेली जमाबंदी या भागाला पेलली नाही. दर जड होते, पीक बेभरवशाचे होते, आणि इंदापुरात जमिनी पडीक टाकून कुळे निघून जाऊ लागली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन तरुण अधिकाऱ्यांनी येथे नव्याने मोजणी केली आणि १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीची जी जमाबंदी अमलात आणली तीच पुढे सबंध मुंबई इलाख्याला नमुना ठरली. मोजणीच्या शंकुसाखळीबरोबर गावोगाव हिंडताना या मंडळींच्या ध्यानात आले असले पाहिजे की, धारा कितीही हलका केला तरी जोंधळा जोवर बाजारापर्यंत स्वस्तात पोचत नाही तोवर कुणब्याच्या हातात रोकड यायची नाही. त्यांचेच एक सहकारी लेफ्टनंट गेसफर्ड यांनी दोन बैलांना झेपेल अशी, आरे असलेल्या चाकांची आणि लोखंडी आखाची हलकी गाडी सिद्ध केली, आणि भीमेपलीकडे टेंभुर्णीला तिचा कारखानाही काढला. पुढच्या जमाबंदीच्या अहवालांत माणसे, घरे, बैल आणि नांगर यांच्याबरोबर गाड्यांचीही गणती होऊ लागली, कारण गाव वर आले की खाली गेले हे गाड्यांच्या संख्येवरून कळे. सरकारी दफ्तराला सुबत्तेचे माप म्हणून गाडी सापडली ती त्या वेळी.

परंतु टेंभुर्णीची गाडी खेड्यात टिकली ती तेथील कारखान्यामुळे नव्हे. तिची नक्कल गावचा सुतार करू शकत होता आणि तिची धाव गावचा लोहार चढवू शकत होता, यातच तिचे खरे यश आहे. जे वाहन घेणाऱ्याच्या गावातल्या हातांना उलगडते ते रुजते; जे उलगडत नाही ते एखाद्या हौशी इनामदाराच्या वाड्यात धूळ खात पडते. गेसफर्ड यांच्या गाडीला कसलीही हमी नव्हती, आणि तिची गरजही कोणास भासली नाही.

त्या हमीच्या जागी जी व्यवस्था होती तिचे नाव बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली खेड्याच्या कारभारावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तेव्हा त्यास ‘गावगाडा’ हेच नाव दिले, आणि ज्यांच्या हातांवर तो गाडा चाले त्या बलुतेदारांत सुतार व लोहार हे वरच्या ओळीत मोडत. कुणब्याने सुगीला खळ्यावर धान्याचा व पेंढ्यांचा ठरलेला वाटा द्यावा आणि बलुतेदाराने वर्षभर नांगर, पाभर, कुळव, मोट आणि गाडी चालती ठेवावी, असा तो सालाबादचा करार होता. नवी गाडी करून घेतली तर तिचे दाम निराळे. दुरुस्ती मात्र बलुत्यात. आजच्या भाषेत ज्याला वार्षिक देखभालीचा करार म्हणतात तो हाच, फरक एवढाच की त्यावर सही नव्हती, आणि तो मोडला तर दोघांनाही तोंड लपवायला गावात जागा नव्हती.

धाव बसविण्याचे काम मी लहानपणी एकदाच पाहिले, पण ते आजही डोळ्यांपुढे आहे. सुताराने पाटे जोडून चाक उभे केले होते; लोहाराने सुतळीने त्याचा घेर मापला, आणि लोखंडी पट्टीची धाव त्या घेराहून किंचित आखूड ठेवून जोडली. मग मोकळ्या जागेत गोवऱ्यांचे कडे रचून त्यात ती धाव पुरली आणि पेटवून दिली. लोखंड लाल झाले, वाढले, तेव्हा तिघांनी तीन बाजूंनी सांडशीत धरून ती उचलली, चाकावर टेकवली आणि घणाचे चार घाव घालून सारखी केली; लाकडाला जाळ लागला, धूर डोळ्यांत गेला, आणि त्याच क्षणी घागरीमागून घागर पाणी पडू लागले. धाव आकसली तसे सगळे चाक करकरले, आरे तुंब्यात घट्ट रुतून बसले, आणि मघापर्यंत हाताने हलणारे ते लाकडाचे बावीस तुकडे एक वस्तू झाले. लोहाराने मग चाक उभे करून त्यावर मूठ वाजवली, कान दिला, आणि ‘‘आता दहा सालं बघायला नको’’ असे म्हणाला. चाक वाजते कसे यावरून ते किती टिकेल हे सांगणारा तो माणूस आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर राहत होता.

या व्यवस्थेला मी सुवर्णयुग म्हणणार नाही. बलुत्याच्या दोरीला जातीची गाठ होती. लोहाराच्या पोराने लोहारच व्हावे, खळ्यावर शेवटी उभे राहावे, कुणब्याने सुपात घातले तेवढे घ्यावे आणि दुष्काळात काहीच मिळाले नाही तरी भात्याचे काम थांबवू नये, हे त्यात गृहीत होते. त्याच गावगाड्याच्या तळाशी महारकीचे वतन होते, आणि ते जोखड फेकून देण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना किती वर्षे झगडावे लागले हे सर्वांना ठाऊक आहे. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. बलुते गेले हे योग्यच झाले. पण त्याच्याबरोबर एक गोष्ट हातची गेली, ती म्हणजे वाहन दुरुस्त करणारा माणूस आणि वाहन वापरणारा माणूस एकाच पाण्यावर जगत असल्याने आपोआप उत्पन्न होणारी जबाबदारी. ती जातीवाचून पुन्हा कशी मिळवावी याचा विचार आपण पुरता केला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पाण्याचाच उल्लेख आला म्हणून सांगितले पाहिजे की, १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा खोदला गेला, १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या शिवारांतून खेळू लागले, आणि १९२८ साली भाटघरचे नवे, मोठे लॉइड धरण पुरे झाल्यावर त्या पाण्याला बारमाही भरवसा आला. जोंधळ्याच्या रानात ऊस उभा राहिला. उसाला गाड्या लागतात, आणि जोंधळ्याला लागतात त्याहून कितीतरी अधिक लागतात. शिवाय तो तोडल्यावर वाट पाहत नाही. १९१४ साली दौंडहून बारामतीपर्यंत आलेल्या अरुंद रुळांच्या आगगाडीने गूळ दूरच्या पेठांत जाऊ लागला, आणि शेळगावच्या शेजारीच कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३-३४ च्या सुमारास साखर कारखाना उभारला तेव्हा आमच्या लोकांनी यंत्रशाळा म्हणजे काय ते प्रथम पाहिले.

वालचंदनगरच्या यंत्रशाळेत दुरुस्ती हे वतन नव्हते. ती नोकरी होती. हजेरीचा भोंगा होता, पगाराचा दिवस होता, आणि कोणाच्याही पोराला फिटर, टर्नर होता येत होते. माझ्या मते या भागातील सर्वांत मोठे सामाजिक स्थित्यंतर त्या भोंग्याने घडविले. याच वालचंद शेठजींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या अमेरिकी मोटारी जोडायला आरंभ केला. पुढे तेथे फियाट निघाली, आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्या गृहस्थाने आमच्या माळावर उसाची मळी वाहविली त्यानेच हिंदुस्थानच्या कुटुंबाला मोटार दिली, हा योग मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे.

बैलगाडीचे मरण मात्र मोटारीने ओढवले नाही. ते तिच्याच रबरी चाकांनी ओढवले. उसासाठी टायरगाडी आली, तिला धाव नव्हती, आरे नव्हते, वंगणाचे नळकांडेही आखाखाली टांगलेले नव्हते. आणि एका पिढीत सुताराचे व लोहाराचे निम्मे काम फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याला कोणी बलुते देत नसे. रोख पैसे, आणि काम झाले की ओळख संपली.

मोटारीच्या बाबतीत मधली चाळीस-पन्नास वर्षे मिस्त्रीची होती. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्या जीपचे वंशज पुढे काळीपिवळी होऊन, आमच्याकडे ज्याला वडाप म्हणतात त्या धंद्यात, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी आणि इंदापूर यांच्या दरम्यान माणसे लोंबकळत नेऊ लागले. शहरात ‘एजन्सी’ होती, परंतु तेथे गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे. बजाजच्या स्कूटरसाठी लोकांनी लावलेल्या नंबरांची कथा तर लग्नांच्या बैठकीत सांगितली जाई. गाडी मिळाल्यावर त्या एजन्सीशी संबंध फुकट सर्व्हिसिंगच्या कुपनांपुरता. पुढचे सगळे मिस्त्री पाही. त्याला मॅन्युअल वाचता येत नसे. पान्याचे एक टोक इंजिनाला लावून दुसरे कानाशी धरले की कोणत्या सिलिंडरचा झडप-ठोका चुकतो आहे ते त्याला कळे, आणि लोहाराने मूठ वाजवून चाक ओळखावे त्याच जातीचे ते ज्ञान होते. पैसे उसाचे बिल आल्यावर. ‘‘पहिली उचल झाली की देतो’’ एवढ्या शब्दावर इंजिन उतरवून पुन्हा बसविणारी माणसे मी पाहिली आहेत. ते बलुतेच होते, फक्त खळ्याच्या जागी साखर कारखाना आला होता.

याच काळात विजेची मोटारही आमच्या घरात आली होती, हे नव्या वाहनांविषयी बोलताना लोक विसरतात. १९६० साली वीज मंडळ स्थापन झाल्यानंतर खांब रानात शिरले, मोट थांबली, विहिरीवर तीन किंवा पाच अश्वशक्तीची मोटार बसली. आणि ती जळू लागली तसा प्रत्येक बाजारगावात मोटार भरणारा कारागीर उत्पन्न झाला. तांब्याच्या तारेचे वेढे हाताने मोजून भरणारा, वार्निशच्या वासाने भरलेल्या त्याच्या टपरीत रात्री दहालाही दिवा असे, कारण पाळी रात्रीची असली की मोटार रात्रीच जळते. विजेवर फिरणारे यंत्र म्हणून शहरातला मनुष्य ज्या वस्तूकडे आज नवलाने पाहतो, ती आमच्या शेतकऱ्याने दोन पिढ्या जाळून, भरून, पुन्हा फिरवून पाहिलेली आहे.

विजेच्या गाडीचा जन्मही आजचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा रस्त्यावर प्रथम ओलांडली ती विजेच्याच गाडीने, १८९९ साली, बेल्जियन शर्यतपटू कामिय जेनात्सी याच्या हातून. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती अमेरिकेतील हार्टफर्ड शहराची हकीकत. तेथील वीज कंपनीने १९१२ ते १९२४ या काळात अशी व्यवस्था चालविली की मालवाहू गाडी ग्राहकाची, पण तिची बॅटरी कंपनीची. ग्राहकाने दरमहा ठराविक रक्कम आणि चाललेल्या मैलांप्रमाणे आकार भरावा, आणि बॅटरी उतरली की कंपनीने भरलेली बसवून द्यावी. बॅटरीच्या आयुष्याची धास्ती ज्याला ती कळते त्याने वाहावी, वापरणाऱ्याने नव्हे, हे त्यामागचे तत्त्व होते. पेट्रोल स्वस्त झाले, रस्ते लांबले, आणि ती व्यवस्था लयाला गेली.

शंभर वर्षांनी तेच तत्त्व आपल्याकडे आले. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर बाजारात आली ती ९ लाख ९९ हजारांत, आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये, अशा बोलीने. भाड्याच्या या बोलीला कोणी नवा शोध म्हणो. मला त्यात खळ्यावरचा वाटा दिसला. वापराल तसे द्या, आणि वस्तू चालती ठेवणे हे आमच्याकडे. करार शब्दाला जागतो की नाही, हे पाहायला मात्र दहा सुगी जाव्या लागतील.

देशी विजेची मोटार म्हणून २००१ साली बंगळूरची रेवा आली, आणि महिंद्रने २०१० साली ती कंपनी आपल्याकडे घेतली. परंतु रेवा ही गल्लीतली गाडी होती, वाळलेल्या चारीतून वस्तीवर यायची नव्हे. कुटुंबाची उंच गाडी विजेवर आली ती २०१९ च्या जुलैत ह्युंदाईच्या कोनाने आणि जानेवारी २०२० मध्ये टाटांच्या नेक्सॉनने. नेक्सॉन रांजणगावला तयार होते, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. तिची पहिली बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती आणि चाचणीतली धाव ३१२ किलोमीटर सांगितली जाई. धाव हाच शब्द लोकांनी तिच्यासाठी वापरावा याचा मला आनंद वाटला. गाडीचा दम आता लोखंडात नसून साठ्यात आहे, एवढाच बदल. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी आपे बनविणाऱ्या पियाजिओने त्याच सुमारास विजेची आपेही काढली, आणि १ जून १९४८ रोजी ज्या पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली होती त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेची शिवाई बस धावली.

आमच्या घरात खरेदीचा विचार सुरू झाला तेव्हा निवड पाच वर्षांपूर्वीहून कितीतरी रुंद होती. महिंद्रच्या चाकणला तयार होणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाल्या होत्या, ५९ व ७९ किलोवॉट-तासांच्या बॅटऱ्यांसह. मोठ्या बॅटरीच्या ९ई ची चाचणीतली धाव ६५६ किलोमीटर. ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक जानेवारी २०२५ मध्ये आली, ४२ व ५१.४ च्या साठ्यांत. टाटांची हॅरियर जूनमध्ये, ६५ व ७५ च्या. पुतण्या रोज रात्री हे आकडे वहीत मांडी. मी त्याला एवढेच म्हटले की, पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचे तर अडीचशे किलोमीटरांच्या वर पल्ला पडतो. चाचणीतल्या धावेतून उन्हाळ्याचा वातानुकूल यंत्राचा खर्च, महामार्गावरचा वेग आणि गाडीत कोंबलेली आठ पोती माणसे वजा केली तरी मोठ्या साठ्याच्या कोणत्याही गाडीला तो झेपतो. तेव्हा साठ्याचा रकाना आता मिटव, आणि दुसरा रकाना उघड: या गाडीचे लोक बारामतीत बसतात की पुण्यात, त्यांच्यापैकी किती जणांनी उच्च दाबाच्या कामाचे शिक्षण घेतले आहे, धक्का लागून बॅटरीच्या पेटीला पोचा आला तर ती उघडतात की सबंध बदलतात, आणि आजन्म म्हणून जी हमी सांगतात ती पहिल्या मालकाबरोबर संपते की गाडीबरोबर जाते. महिंद्र आणि एमजी यांची तशी हमी पहिल्या मालकापुरती आहे, हे कागद वाचल्यावाचून कळत नाही. आणि ज्या भागात मोटार तिसऱ्या हातापर्यंत राबते तेथे हे कलम किमतीइतकेच जड आहे.

इंजिनाचे तेल नाही, त्याची गाळणी नाही, क्लच नाही, म्हणून सर्व्हिसिंगचा खर्च थोडा, हे विक्रेत्यांचे म्हणणे खरे आहे. उरते ते टायर, सस्पेन्शनचे सांधे, ब्रेकचे द्रव, बॅटरी गार ठेवणारे पाणी, आणि कोपऱ्यात बसलेली बारा व्होल्टची ती साधी छोटी बॅटरी, जी बसली तर मोठ्या बॅटरीत शंभर टक्के वीज असूनही गाडी सुरूच होत नाही. काम थोडे आहे. पण जे आहे ते मिस्त्रीने हात लावण्याजोगे नाही. उच्च दाबाच्या नारिंगी रंगाच्या केबली ज्या गाडीत दिसतात तिथे पान्याचे टोक कानाशी धरून चालत नाही, आणि दोन पिढ्या कानांनी शिकलेल्या माणसाला त्या रंगापुढे हात मागे घेताना पाहून मला वाईट वाटले.

गाडी आली, आणि तिसऱ्याच आठवड्यात चार्जिंग थांबले. भिंतीवरच्या चार्जिंगच्या पेटीचा हिरवा दिवा लाल झाला. विक्रेत्याच्या कार्यशाळेला कळविले. तिसऱ्या दिवशी सपाट वाहन आले आणि गाडी उचलून घेऊन गेले, आणि वस्तीवरच्या पोरांनी ती दोरखंडांनी बांधलेली, मुकी, चारीच्या वळणाआड जाताना पाहिली. कार्यशाळेच्या स्वागतकक्षात चहा चांगला मिळे, जॉब कार्डावर सह्या होत, मोबाइलवर संदेश येत. परंतु ज्या तंत्रज्ञाने गाडी पाहिली त्याला भेटण्याची सोय नव्हती, मधला सल्लागार त्याचे शब्द आणून सांगे आणि आमचे नेऊन पोचवी. नऊ दिवसांनी ‘दोष आढळला नाही, सॉफ्टवेअर अद्ययावत केले’ अशा शेऱ्यासह गाडी परत आली. त्या संध्याकाळी पुन्हा लाल दिवा लागला. त्या तरुणांना मी दोष देत नाही. त्यांच्या अंगणात गाडी खरोखरच नीट चार्ज होत होती. दोष पाहायला आमच्या अंगणात यावे लागणार होते, आणि तसे येणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

शेवटी पुतण्याने जंक्शनच्या बाजूने मोटार भरणाऱ्याला बोलावले, ज्याने आमच्या विहिरीवरची मोटार आजवर चार वेळा भरली आहे. त्याने गाडीकडे पाहिलेही नाही. खांबावरून वस्तीत आलेली तार पाहिली, थ्री फेज किती वाजता येते आणि बाकीच्या वेळी सिंगल फेजवर दिवे कसे जळतात ते विचारले, खिशातला टेस्टर-दिवा काढून एक टोक फेजला आणि दुसरे अर्थिंगच्या तारेला लावले. दिवा मिणमिणला. मग तो घरामागे गेला, जिथे वीस वर्षांपूर्वी पुरलेली अर्थिंगची पट्टी कोरड्या मुरमात गंजून कागदासारखी झाली होती, आणि टिकाव मागितला.

पंप सगळे चालवून घेतो, तो म्हणाला, ही नाही घेत. हिला जमिनीचा भरवसा लागतो, तो मिळाला नाही तर ही वीजच आत घेत नाही. भिंतीवरची पेटी अर्थिंग तपासते आणि ते कच्चे असल्यास माणसाला धक्का बसू नये म्हणून प्रवाह तोडते, हे त्याने कोणत्याही पुस्तकाचे नाव न घेता सांगितले. कमरेएवढा खड्डा झाला, नवी पट्टी उभी राहिली, भोवती कोळसा आणि खडे मीठ थरांनी भरले, वर पाण्यासाठी फुटक्या माठाचा गळा बसवला. दिवा हिरवा झाला तेव्हा ऊन कलले होते. पैशांचे विचारले तर त्याने मिठाच्या गोणीचे आणि पट्टीचे रोख घेतले, आणि मजुरीचे उसाच्या बिलावर ठेवले.

आता काकू सकाळी तुळशीला पाणी घालतात, आणि तांब्यात उरलेले पाणी घरामागे जाऊन त्या माठाच्या गळ्यात ओततात.